पाखाडी, घाटवाट आणि वहिवाट



सुट्टीच्या दिवशी सकाळी पायात बूट, पाठीला सॅक अशी मंडळी हल्ली आपल्या जिल्ह्यात जागोजागी दिसतात. कुणी रत्नदुर्ग चढतं, कुणी उक्षी-कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं बघायला जातं, कुणी गणपतीपुळ्याच्या डोंगराची प्रदक्षिणा घालतं. चालण्याची हौस चांगलीच. पण हौसेनं चालणं आपल्याकडे नवं आहे. ही मंडळी ज्या वाटा तुडवतात, त्यांतल्या बहुतेक गरजेपोटी पडलेल्या आहेत.

आपली पाखाडीच घ्या. दोन्ही बाजूंना गडगे आणि मधून जांभ्याच्या पायऱ्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. म्हणून इथल्या माणसाला घराचा चिरा आणि वाटेची पायरी एकाच दगडातून काढता आली. आपल्या चढ-उताराच्या मुलखात बैलगाडी फारशी चाललीच नाही. भाताचा भारा, शेणखत, मासळीची पाटी, सगळं डोक्यावरून. ते डोकं बहुतेक वेळा कुणाचं, हे तुम्हाला सांगायला नको! पाखाडीची पायरी रुंद आणि बुटकी असते. ओझं घेऊन चढणारीला खाली बघता येत नाही, तिचं पाऊल अंदाजानंच पडतं. आता त्याच पायऱ्यांवर सिमेंटचा गुळगुळीत उतार ओततात. पावसाळ्यात शेवाळ धरलं की म्हातारी माणसं तिकडे फिरकत नाहीत.

पाखाडीच्या पुढची मोठी वाट म्हणजे घाट. चिपळूणहून कऱ्हाडकडे कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा, राजापूरहून अणुस्कुरा. मीठ वर जायचं, धान्य खाली यायचं. पावसाळ्यात समुद्रावरची वाहतूक थांबली की बाहेरच्या जगाशी संबंध राहायचा तो या वाटांनीच.

दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले ते पायी. सोबतीला मित्र. सह्याद्री ओलांडून शंभराहून जास्त मैल त्यांनी चार दिवसांत कापले. आणि तिथं गेल्यावर काय? वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! पुढे १९१६ साली याच कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं.

कर्व्यांची चाल लिहिली गेली, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. गौरी-गणपतीला माहेरी यायला निघालेली लेकुरवाळी, कडेवर एक आणि बोटाशी एक घेऊन किती कोस चालली, हे कुठल्या दप्तरात नाही. तिचा दाखला एकच. तिच्यासारख्या असंख्य पावलांनी झिजलेली, मध्यभागी खोलगट झालेली ती पायरी.

म्हणून वाट बंद होते तेव्हा मला राहवत नाही. जमीन विकली जाते, नवा मालक कंपाउंड घालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका रात्रीत भिंतीला जाऊन अडते. विहिरीकडे, शेताकडे, देवळाकडे जाणारी वाट. पुरुष मोटरसायकलवरून वळसा घालतात. वळसा खरा पडतो तो पायी जाणारीला.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, वहिवाट. वापरानं मिळालेला हक्क. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो. त्यात तुटक अशी एकेरी रेघ दिसली तर तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग. नकाशात रेघ नसली तरी लगेच हात टेकू नका. शेताकडे, बागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. कायदा इंग्रजी अमदानीतला असला तरी आजही लागू आहे. मुदत मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांची. ‘बघू, गणपती झाल्यावर बोलू’ म्हणण्यात ती सहज निघून जाते.

तेव्हा पुढच्या बचत गटाच्या बैठकीला नकाशा घेऊन या. वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला शेजारी बसवा आणि तिला विचारा, लग्न होऊन आलीस ती कुठल्या वाटेनं.