खेळाआधीचा खेळ

पंचांची शिट्टी वाजली की फुटबॉलचा सामना सुरू होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मोठ्या सामन्यांचा इतिहास चाळू गेल्यास, त्यांतील कित्येकांना शिट्टीच्या पुष्कळ आधी, कोठल्यातरी बंद खोलीत आकार येऊ लागलेला दिसतो. प्रतिपक्षाचा खेळ आधी पाहावा, त्यातील गुणदोष हेरावेत आणि आपल्या खेळाडूंना त्याप्रमाणे तयार करावे, ही कल्पना जुनीच आहे. बदलत गेले ते पाहण्याचे साधन. प्रथम केवळ डोळा होता. मग कागद आणि पेन्सिल आली. पुढे चित्रफीत आली आणि शेवटी संगणक. या साधनांनी खेळाच्या गुरूला काय दिले, आणि काय त्याचे त्यालाच मिळवावे लागले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ वेम्बलीपासून करावा. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या या मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने तोवर इंग्लंडला त्याच्या घरच्या मैदानावर हरविले नव्हते. हा विजय आकाशातून पडलेला नव्हता. हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव सेबेश यांनी आदल्याच महिन्यात वेम्बलीवर इंग्लंडचा सामना प्रत्यक्ष पाहिला होता. ते केवळ खेळ पाहून परतले नाहीत. मैदानाची लांबी-रुंदी त्यांनी मापून घेतली आणि तेथील हिरवळीवर चेंडू कसा उसळतो हेही पारखून पाहिले. मायदेशी त्याच मापाचे मैदान आखून सराव झाला. इंग्लंडमध्ये वापरले जाणारे चेंडू मिळविण्यात आले. सरावाच्या सामन्यांत समोरच्या संघाला इंग्रजी धाटणीने खेळण्यास सांगण्यात आले. सेबेश यांचे साधन म्हणजे दोन डोळे आणि एक टिपणवही, एवढेच.

त्या सामन्यात नांदोर हिदेगकुती यांच्या पाठीवर ९ हा आकडा होता. हा आकडा सेंटर फॉरवर्डचा, आणि त्याच्यावर पहारा ठेवायचा तो सेंटर हाफने, असा इंग्रजी शिरस्ता होता. हे काम हॅरी जॉन्स्टन यांच्याकडे होते. परंतु हिदेगकुती आघाडीवर उभेच राहिनात. ते मागे सरकून मधल्या फळीच्या आसपास वावरू लागले. त्यांच्या मागोमाग जावे तर बचावाच्या मध्यभागी खिंडार पडते. जागेवर थांबावे तर ते मोकळेपणी खेळतात. जॉन्स्टन यांना या कोड्याचे उत्तर अखेरपर्यंत सापडले नाही. हिदेगकुती यांनी पहिला गोल पहिल्याच मिनिटात केला, आणि सामना संपेपर्यंत त्यांच्या नावावर तीन गोल लागले.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, दोन्ही संघ बुडापेस्टमध्ये पुन्हा भेटले. आता हंगेरीची पद्धत गुपित राहिली नव्हती; सारे जग ती पाहून चुकले होते. तरीही इंग्लंड १-७ असे हरले. म्हणजे पाहणे ही एक गोष्ट आहे आणि उमजणे ही दुसरी. या विषयाचा पुढचा सारा इतिहास या दोहोंमधल्या अंतराचा इतिहास आहे.

हंगेरीच्या खेळाचे पडसाद भारतापर्यंत पोहोचले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. त्याच स्पर्धेचे सुवर्णपदक हंगेरीने जिंकले. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, आणि पेशाने शाळामास्तर. त्यांच्यापाशी ना फीत होती, ना प्रक्षेपक. तथापि पराभवातून शिकण्याची शिक्षकी चिकाटी होती. चार वर्षांनी मेलबर्नला त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळविले. त्या सामन्यात गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई होत. रहीमसाहेबांच्या संघरचनेवर हंगेरियन पद्धतीची छाया होती, असे भारतीय फुटबॉलचे अभ्यासक सांगतात.

याच काळात इंग्लंडमध्ये एक वेगळाच गृहस्थ कामाला लागला होता. चार्ल्स रीप हे शाही हवाई दलातील अधिकारी. त्यांचे शिक्षण हिशेबनिसाचे. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउनचा सामना पाहताना उत्तरार्धात त्यांनी खिशातून वही काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद करण्यास आरंभ केला. पास कोठून निघाला, कोठे पोहोचला, शेवट कशात झाला, हे सारे त्यांनी स्वतःच बसविलेल्या सांकेतिक खुणांनी कागदावर उतरू लागले. पुढे जन्मभर त्यांनी हे व्रत सांभाळले, आणि दोन हजारांहून अधिक सामने टिपले. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी आपले निष्कर्ष ब्रिटनमधील रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

रीप यांना असे दिसले की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढायांतून होतात. यावरून त्यांनी सांगितले : फार पास देत बसू नका; चेंडू लवकर आणि लांब पुढे धाडा. वरवर पाहता हिशेब बिनतोड वाटतो. परंतु एकूण चढायांपैकी ९१ टक्क्यांहून अधिक चढाया मुळातच तीन किंवा त्याहून कमी पासांच्या होत्या, ही गोष्ट येथे दुर्लक्षित राहिली. शंभरातील ९१ चढाया मिळून ८० टक्के गोल देतात, आणि उरलेल्या नऊ चढाया २० टक्के गोल देतात, तर यांत अधिक फलदायी कोणत्या? पाचवीतला हुशार मुलगाही हे गणित सोडवील. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स या संशोधकांनी १९९० व १९९४ च्या विश्वचषक स्पर्धांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. तेव्हा यशस्वी संघांच्या बाबतीत पासांची लांब मालिकाच चढाईगणिक अधिक गोल देते, असे दिसून आले.

रीप यांच्या नोंदी खोट्या नव्हत्या. त्या नोंदींना विचारलेला प्रश्न चुकला होता. आणि त्या चुकीची किंमत वहीतल्या आकड्यांना द्यावी लागली नाही. ती खेळणाऱ्या मुलांनी दिली. थोड्या पासांचा हाच सिद्धांत चार्ल्स ह्यूज यांनी स्वतःच्या आकडेवारीवरून पुन्हा मांडला. ह्यूज हे पुढे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे प्रशिक्षण-संचालक झाले, आणि त्यांची शिकवण देशभरच्या प्रशिक्षकांपर्यंत गेली. चेंडू पायाशी खेळविण्याची ज्यांना उपजत आवड होती, अशा किती पोरांना तो नुसता पुढे भिरकावण्याची सवय लागली असेल, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

मग नोंदी ठेवूच नयेत काय? तसेही म्हणता येत नाही, कारण नुसत्या डोळ्यावर विसंबणे त्याहून धोक्याचे आहे. याच फ्रँक्स यांनी गॅरी मिलर यांच्यासह १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रशिक्षकांना ४५ मिनिटांचा खेळ दाखवून त्यातील महत्त्वाच्या घटना विचारण्यात आल्या. त्यांना निम्म्याही अचूक सांगता आल्या नाहीत. राग, आनंद आणि आधीच बनलेले मत, हे तिघे मिळून स्मृतीला हवे तसे वळवितात. सामना संपल्यावर खेळाडूला बोल लावणारा गुरू पुष्कळदा न घडलेल्या गोष्टीबद्दल त्याला बोल लावीत असतो.

चित्रफितीचे खरे मोल येथे आहे. ती साक्ष बदलत नाही. आरंभी फीत धुऊन काढावी लागे, प्रक्षेपक लागे, अंधारी खोली लागे. खर्चही मोठा होता. १९७० नंतर चुंबकीय फितीचे सुटसुटीत यंत्र आले आणि १९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आली. आता एखादा क्षण थांबविता येऊ लागला, मागे नेता येऊ लागला, दहा वेळा पाहता येऊ लागला. तिकडे कीव्हमध्ये व्हॅलेरी लोबानोव्स्की यांनी अनातोली झेलेन्त्सोव या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने प्रत्येक खेळाडूच्या कामाचे मोजमाप चालविले होते. त्यांच्या डायनॅमो संघाने १९७५ व १९८६ साली युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. शतक संपता संपता इंग्लंडमध्ये मैदानाभोवती अनेक कॅमेरे बसवून प्रत्येक खेळाडूची हालचाल संगणकावर उतरविण्याची प्रोझोन ही पद्धत सुरू झाली. ती प्रथम स्वीकारणाऱ्यांत डर्बी काउंटी हा क्लब होता.

साधने अशी वाढली, पण त्यांचा खरा कस लागला तो एका साध्या प्रसंगी. १ मे २००९ च्या रात्री बार्सिलोनाचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला आपल्या खोलीत रेआल माद्रिदच्या सामन्यांच्या फिती पाहत बसले होते. दुसऱ्या दिवशी माद्रिदमध्ये सामना होता. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की माद्रिदची मधली फळी चेंडूवर दबाव आणण्यासाठी पुढे धावते. परंतु मागचे दोघे बचावपटू, कान्नावारो आणि मेट्झेल्डर, आपल्या गोलाजवळच राहतात. मध्ये एक प्रशस्त पट्टा मोकळा पडतो. ग्वार्डिओला यांनी रात्रीच लिओनेल मेस्सी यांना बोलावून घेतले आणि पडद्यावर ती रिकामी जागा दाखविली. सामना सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मेस्सी बाजूची जागा सोडून मध्यभागी आले आणि त्या पट्ट्यात वावरू लागले. पुढे सरसावावे की मागे थांबावे, हे माद्रिदच्या बचावपटूंना कळेना. बार्सिलोनाने सामना ६-२ असा जिंकला. मेस्सी यांचे त्यात दोन गोल होते.

हे कोडे वाचकांना ओळखीचे वाटेल. ५६ वर्षांपूर्वी वेम्बलीवर हॅरी जॉन्स्टन यांना पडलेलेच ते कोडे होते. रीप यांच्या वहीत पास मोजले जात, चेंडूचा मार्ग मोजला जाई. जेथे कोणीच नाही त्या जागेची नोंद करण्याची खूण त्यात नव्हती. ती जागा फितीत होती. मात्र फितीने ती दाखविली नाही. फितीत सारेच सारख्या प्रकाशात असते. त्यातील कोणता तुकडा दाखवायचा, कोणाला आणि किती, हे ठरविणारा माणूसच असतो. बावीस माणसांच्या दीड तासाच्या धावपळीतून ग्वार्डिओला यांनी एकाच खेळाडूला एकच गोष्ट दाखविली. चांगला शिक्षक फळ्यावर सारे पुस्तक उतरवीत नाही.

पूर्वतयारीचे सामर्थ्य कधी कधी विलक्षण मार्गाने प्रकट होते. ३० जून २००६ रोजी बर्लिन येथे जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यातील विश्वचषकाचा सामना पेनल्टीवर आला. जर्मन गोलरक्षक येन्स लेहमान यांच्या मोज्यात एक चिठ्ठी होती; कोणता खेळाडू चेंडू कोणत्या बाजूला मारतो हे तीत लिहिले होते. शेवटी कांबियासो पुढे आले. त्यांचे नाव चिठ्ठीत नव्हते. लेहमान यांनी तरीही ती शांतपणे उघडून वाचली, आणि कांबियासो यांचा फटका अडविला. ज्ञानाने जे साधले नसते, ते ज्ञानाच्या नुसत्या दर्शनाने साधले असावे! ती चिठ्ठी आता बॉन येथील इतिहास-संग्रहालयात आहे.

आणि ज्ञान असूनही न साधल्याचे उदाहरण अर्जेंटिनाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१२ च्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांचा बिल्बाओ संघ ग्वार्डिओला यांच्या बार्सिलोनाकडून ०-३ असा हरला. बिएल्सा यांनी बार्सिलोनाचा केलेला अभ्यास नंतर ग्वार्डिओला यांना भेट दिला. तो पाहून, माझ्या संघाविषयी तुम्हाला माझ्याहून अधिक माहिती आहे, असे ग्वार्डिओला म्हणाले. त्याचा उपयोग काहीच झाला नाही, तीन गोल झालेच, अशी बिएल्सा यांची त्यावर कबुली आहे. ही हकीकत त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये पत्रकारांपुढे सांगितली. त्या वेळी ते लीड्सचे प्रशिक्षक होते, आणि डर्बीचा सराव गुपचूप पाहण्यासाठी त्यांचा माणूस गेल्याने गदारोळ उठला होता. लीड्सला पुढे दोन लाख पौंडांचा दंड झाला. जे सर्वांसमोर घडले ते पाहावे, जे दुसऱ्याने झाकून ठेवले तेथे डोकावू नये, ही मर्यादा त्या दंडाने अधोरेखित केली.

त्याच बैठकीत बिएल्सा यांनी डर्बीचे आदल्या हंगामातील ५१ सामने आपण कसे तपासले हे पडद्यावर दाखविले. इतकी माहिती लागत नाही, हेही त्यांनी मान्य केले. मग हे कष्ट का? पुरेसे काम केले नाही ही बोच मनाला लागू नये म्हणून, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. परीक्षेचा निकाल हाती नसला तरी धड्याची तयारी हाती असते, हे ज्याने आयुष्यभर शिकविले आहे त्याला या उत्तराचे नवल वाटणार नाही. सेबेश यांनी मैदानाचे माप घेतले ते याच भावनेने, आणि हैदराबादच्या त्या शाळामास्तरांनी दहा गोलांचा पराभव मनाशी उगाळला तोही याच भावनेने. शिट्टी वाजल्यावर मैदान खेळाडूंचे होते. तोवर दिवा विझू न देणे एवढेच गुरूच्या हाती असते.