माप लिहिलेला वड आणि आपली बिनमापाची झाडं

आंबेनळी घाट चढून साताऱ्याकडे गेलं की जावळी तालुक्यात वडाचे म्हसवे हे गाव आहे. तिथला वड 1882 साली मोजला. सावलीचा घेर 1587 फूट, दक्षिणोत्तर 595, पूर्व-पश्चिम 442. आकडे लिहून ठेवले, म्हणून 140 वर्षांनीही तो वड किती पसरला, किती घटला हे ताडून बघता येतं.

आपल्या महाड-पोलादपुरात बांधावर पणजोबाच्या वेळचे रायवळ आंबे, फणस उभे आहेत. माप नाही, साल नाही. झाड तुटलं की लाकडाचा हिशोब होतो आणि इतिहास तिथंच संपतो. 2021 साली राज्याने कायद्यात 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं, पण तो कायदा शहरांचा. गावची नोंद आपणच करायची.

जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे 1.37 मीटरवर, बुंध्याला आडवा टेप गुंडाळा. उतारावर ही उंची वरच्या अंगाने धरा. वड असेल तर सावलीही दोन्ही दिशांनी मोजा. घेर, तारीख, गट नंबर वहीत लिहा. पाच वर्षांनी त्याच उंचीवर परत टेप लावा.