महिंद्रा युनायटेड : मालकाचा संघ, लोकांचा संघ

मुंबईच्या कूपरेज मैदानाशी ज्यांचे नाते आहे, त्यांना महिंद्रा युनायटेडची ओळख करून द्यावी लागत नाही. 1962 साली एका कंपनीचा संघ म्हणून तो उभा राहिला आणि पुढे कोलकाता व गोव्याच्या बलाढ्य संघांशी झुंजू लागला. 1998 आणि 2001 मध्ये त्याने ड्युरँड चषक जिंकला, 2003 मध्ये फेडरेशन चषक. 2005-06 च्या मोसमात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग अशी दोन्ही विजेतेपदे मुंबईत आली. 2008 मध्ये ड्युरँड पुन्हा जिंकला.

आणि 2010 मध्ये संघ बंद करण्याचा निर्णय झाला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळायचे ठरवले. त्यापाठोपाठ 2011 मध्ये पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी संघही थांबला.

इथे आपल्याला कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग आठवतो. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणाऱ्या या क्लबने नंतर पडता काळही पाहिला. पण तो मिटला नाही, कारण तो सभासदांचा आणि चाहत्यांचा होता. महिंद्राकडे चषक होते, सभासद नव्हते.

तरीही खेळाडू उरतात. महिंद्राकडून खेळलेल्या खालिद जमील यांनी प्रशिक्षक म्हणून 2017 मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. 2025 मध्ये भारतीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. संघ कागदावर संपवता येतो. त्याने घडवलेली माणसे मात्र खेळ पुढे नेतात, एवढाच दिलासा आपण घ्यायचा.