आपल्या पट्ट्यातून कोकणात उतरलेल्या दोन फौजा

आजचा भाग ट्रेकवाल्यांसाठी आहे. आणि ज्यांना वाटतं की पिंपरी-चिंचवड आणि चाकणला इतिहास-बितिहास काही नाही, नुसत्या कंपन्या आहेत, त्यांच्यासाठी तर नक्कीच आहे.

आपल्या या पट्ट्यातून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरायला दोन मोठ्या फौजा गेल्या होत्या. दोघींमध्ये दोनशे वर्षांचं अंतर. दोन्ही फसल्या, आणि फसण्याचं कारण जवळपास एकच होतं.

पहिली गोष्ट पंधराव्या शतकाच्या मध्यावरची. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाने मलिक-उत-तुज्जार नावाच्या सरदाराला कोकण ताब्यात घ्यायला पाठवलं. त्याने तळ ठोकला आपल्या चाकणला. फेरिश्ता या इतिहासकाराने ही हकीकत दिली आहे. मलिकने शिर्क्यांचा किल्ला घेतला आणि शिर्क्यांना अट घातली, मुसलमान व्हा नाहीतर मरा. शिर्के म्हणाले, आधी खेळण्याच्या शंकररायाचा बंदोबस्त करा, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. मलिक तयार झाला. सुरुवातीला वाट चांगली होती, मग जंगल इतकं दाट झालं की फौज पांगली. मलिक स्वतः आजारी. रात्री हल्ला झाला, मलिक मारला गेला आणि फौजेचा मोठा भाग तिथेच संपला. जे वाचले त्यांच्यातले काही चाकणच्या किल्ल्यात परत आले, तर दरबारातल्या आपसातल्या वैरापायी तिथे त्यांचीही कत्तल झाली.

आता दुसरी गोष्ट. १६६० साली शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. जूनमध्ये त्याने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना आपण त्याच्या जवळून जातो, थोडी तटबंदी अजून उभी आहे. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा जवळजवळ दोन महिने लढला. शेवटी खानाने सुरुंग लावून बुरूज उडवला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. मोगलांची शेकडो माणसं मेली, जखमी झाली. पण सपाट जमिनीवर भरपूर माणसं, तोफा आणि दारू असली की उशिरा का होईना, किल्ला मिळतो.

पुढच्या वर्षी खानाने कारतलबखानाला कोकणात पाठवलं. सोबत माहूरची रायबागन, मोगलांची मनसबदार असलेली धाडसी बाई. इतिहास सांगणारे त्यांचा मार्ग देतात तो ऐका: चिंचवड, तळेगाव, वडगाव, मळवली. आपल्या लोणावळा लोकलची स्टेशनं आहेत ही! पुढे लोहगडाच्या बाजूने कुरवंड्याला, आणि तिथून घाट उतरून अंबा नदीच्या खोऱ्यात. आज आपण लोकलने लोणावळ्याला उतरतो, कुरवंडे गावातून नागफणीचा सुळका बघून खाली चावणी गावात जातो, तो एका दिवसाचा ट्रेक हाच.

आम्ही ऑफिसमधले बावीस जण गेलो होतो. उतरताना एका अरुंद टप्प्यावर एकेक जण हात धरून खाली घ्यावा लागला. बावीस माणसांना तिथे पाऊण तास गेला. मी उभ्या उभ्या हिशोब करत होतो. समजा फक्त पाच हजार माणसं एकामागे एक उतरतायत आणि दोघांमध्ये दीड मीटर अंतर आहे. रांग होते साडेसात किलोमीटरची. म्हणजे पहिला माणूस खाली रानात पोचतो तेव्हा शेवटचा अजून घाटमाथ्यावरच असतो. घोडे, बैल, सामान हे सगळं वेगळंच. फौज कितीही मोठी असू दे, एका वेळी लढायला पुढे असतात चार-पाच जण. आमच्या भाषेत सर्व्हर हजार आणि वायर एकच.

२ फेब्रुवारी १६६१. उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांचे लोक दोन्ही बाजूंच्या झाडीत दबा धरून होते. समोरची वाट अडवली, मागची बंद केली. बाण, गोळ्या आणि दगड सुरू झाले. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचं वर्णन आहे, आणि त्यात तहान फार महत्त्वाची आहे. रानात वारा नाही, पाणी नाही, माणसं कासावीस झालेली. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून आपल्याला वाटतं इथे पाण्याला काय तोटा! पण काळ्या बेसॉल्टच्या उभ्या उतारावरून ते पाणी भराभर वाहून जातं. फेब्रुवारीत ओढे कोरडे असतात. पाणी उरतं ते एखाद्या टाक्यात, एखाद्या डोहात, आणि ते कुठे आहे हे तिथल्या माणसालाच माहीत असतं.

शेवटी रायबागननेच कारतलबखानाला सांगितलं की शरण जा. खानाने वकील पाठवला, सामानसुमान टाकलं, खंडणी कबूल केली आणि जीव वाचवून परत गेला. महाराजांनी त्याला जाऊ दिलं. त्यानंतर लगेच ते दक्षिण कोकणात उतरले, दाभोळ, संगमेश्वर, राजापूरपर्यंत. म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी खान निघाला होता, तो किनारा त्या मोसमात महाराजांना मोकळा मिळाला.

या लढाईचं वर्णन करताना आपण ‘गनिमी कावा’ म्हणून पुढे जातो. मला वाटतं, त्याच्याही आधी एक गोष्ट येते: माहिती. खान कुठून उतरणार, कधी उतरणार, फौज कुठे लांबणार, पाणी कुठे संपणार. ही माहिती घाटात राहणाऱ्या, तिथे गुरं चारणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या माणसांकडे असते. मलिकने तीच माहिती शत्रूकडून घेतली. कारतलबखानाकडे ती नव्हतीच. महाराजांकडे ती होती, कारण ती माणसं त्यांची होती. त्या माणसांची नावं मात्र आपल्याला कुठल्याच फलकावर दिसत नाहीत.

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथून रेल्वे धावली आणि कुरवंड्याची वाट मागे पडली. आता तिथे येतात ते आपल्यासारखे रविवारचे लोक, मोबाईलमध्ये जीपीएक्स फाईल घेऊन. फाईल चांगलीच असते, मीही वापरतो. पण ती कुणीतरी ऑगस्टमध्ये चालून बनवलेली असते आणि आपण जातो मार्चमध्ये. तिच्यात रेघ असते, पाणी नसतं.

म्हणून जाणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. पंधरापेक्षा जास्त जण असाल तर दोन गट करा. माणशी निदान तीन लिटर पाणी वरूनच न्या. आणि कुरवंडे किंवा चावणीतला वाटाड्या घ्या, त्याला नीट पैसे द्या, आणि चालता चालता त्याला वाटांची, पाण्याच्या जागांची नावं विचारा. खाली नदीपात्रात उंबरखिंडीचं स्मारक आहे, तिथे बसून ती वहीत लिहून काढा. आमच्या वाटाड्याने आम्हाला सात नावं सांगितली. नकाशावर त्यातलं एकही नव्हतं.

तुमच्याकडे अशी नावं असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.