नव्या इंजिनाचे पहिले तेल

नव्या इंजिनात पहिले तेल कोणते ओतायचे, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरसारख्या तालुक्यात मोटारींपेक्षा विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. पुढे ५ अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे इंजिन मोटेची जागा घेऊ लागले.

सुरुवातीला या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण तेले साधी होती. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटू लागल्या, तेव्हा तेलात मळ धुणारी रसायने मिसळली गेली. मग झीज रोखणारी, घर्षण घटवणारी द्रव्ये आली. तेल सुधारले आणि निवड करणे भाग पडले.

नव्या सिलिंडरच्या आत होनिंगच्या, म्हणजे भिंत घासून तयार करण्याच्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. रिंगा त्यांचे उंचवटे घासून काढतात आणि भिंतीला बरोबर बसतात. तेलाने ही थोडी झीज होऊ द्यायची, पण इंजिन जाम होऊ द्यायचे नाही. तेल फार निसरडे असले किंवा इंजिन बिनभाराचे फिरत राहिले, तर उंचवटे तसेच राहून भिंतीवर काचेसारखी चकाकी चढते. मग तेल वर चढून जळते, निळसर धूर येतो. म्हणून साधे खनिज तेल आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला भार, अशी जोडी ठरली. भाराकडे दुर्लक्ष करून नुसता तेलाच्या डब्यावर वाद घालणे व्यर्थच. पहिले तेल लवकर काढतात. ते बोटांवर घेऊन उन्हात धरले की धातूचा कीस चमकतो.

पुढे कारखान्यांतच होनिंगचे टोकदार उंचवटे आधीच सपाट केले जाऊ लागले. मोटारींच्या मागच्या काचेवरची, गाडी नवी असल्याचे सांगणारी ‘रनिंग इन’ची पट्टी गेली. आता बहुतेक गाड्यांत कारखान्यातच नेहमीचे तेल भरून येते.

प्रश्न उरला तो पुन्हा बांधलेल्या इंजिनाचा. ट्रॅक्टरला नवे लायनर, पिस्टन, रिंगा टाकल्या की तो पुन्हा नवाच. तिथे रिंगा बसेपर्यंत सिंथेटिक टाळून डिझेलसाठीचे खनिज तेल, बहुधा १५ डब्ल्यू ४० ग्रेडचे, वापरतात. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळतात.