चेंडूच्या आधीचा खेळ

नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलची कहाणी आता पुष्कळांना ठाऊक आहे आणि ती बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेने सुरू होते. २००१ साली भर पावसात वस्तीतली काही मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत होती. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी ती पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून माझे लक्ष या वाक्यांतील क्रियापदांकडे जाते. ‘पाहिली’, ‘दिला’ ही सरांची क्रियापदे. मुलांच्या वाट्याला ‘खेळत होती’ एवढेच, आणि तेही पार्श्वभूमीसारखे. वास्तविक या इतिहासाचा आरंभ त्याच क्रियापदात आहे.

बारसे सरांचे मोठेपण कमी करण्याचा येथे हेतू नाही. महाविद्यालयातील शिक्षकाने वस्तीतल्या पोरांकडे खेळाडू म्हणून पाहावे, ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हे. आम्ही प्राध्यापक मंडळी अशा मुलांकडे बहुधा कंपाउंडावरून उड्या मारणारी पोरे म्हणूनच पाहतो. (आमच्यापैकी काहीजण त्याच कंपाउंडाच्या पलीकडून आलेले असतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) पण पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ उतरले, हा आकडा केवळ सरांच्या यशाचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तेथे माझा मतभेद आहे. कोणी चेंडू दिला म्हणून १२८ संघ जन्माला येत नाहीत. वस्तीवस्तीत पोरांचे गट आधीच जमलेले असले पाहिजेत. त्यांना आपापला म्होरक्या असेल, आपापली भांडणे असतील, गोल कशाला म्हणायचे याचे आपापले नियमही असतील. स्पर्धेने त्यांना ‘संघ’ हे नाव दिले.

ही मुले दिवसभर रिकामी का होती, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. या शहरातील गिरण्यांत महार कामगार मोठ्या संख्येने होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या शहरातील कितीतरी चुली गिरणीच्या भोंग्यावर पेटत होत्या. विसावे शतक संपेतो गिरण्यांची कळा गेली होती. बापाचा भोंगा बंद झाला की पोराच्या हाती नाक्यावरचा दिवस येतो. तो दिवस जुगारात जाईल, दारूत जाईल किंवा बादलीला लाथा मारण्यात जाईल. पोरांनी बादली निवडली. ही निवड त्यांची होती, ती त्यांच्या खात्यावर नोंदली गेली पाहिजे.

‘झोपडपट्टी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. १९७१ च्या कायद्याच्या शीर्षकात तो ‘सुधारणा’ आणि ‘निर्मूलन’ यांच्या सोबतीने येतो, म्हणजे वस्तीवाल्याला तो मुख्यतः नोटिशीवर भेटतो. तोच शब्द स्पर्धेच्या नावात आला. ज्या नावाने हिणवले गेले तेच नाव छातीवर लावण्याची रीत आपल्या चळवळीला अपरिचित नाही. पण ते नाव खेळाडूंनी स्वतः घेतले की त्यांना दिले गेले, हा फरक लहान नाही.

क्रिकेटशी तुलना करून पाहावी. पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. पण त्यांची गोलंदाजी घडली ती पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चाकरी करताना. आणि हिंदूंच्या संघात घेतल्यावरही त्यांचा चहा मातीच्या पात्रात, बाहेर. त्या खेळाला दुसऱ्याचे मैदान लागत होते, दुसऱ्याची परवानगी लागत होती. बादलीला परवानगी लागत नाही. मैदानाला मात्र आजही लागते. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) या चित्रपटात कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत उभी आहे, ती उगीच नाही.

भिंतीनंतर येतो कागद. बेघरांची विश्वचषक स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाली. चौघाचौघांचे संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. नागपूरहून उभ्या राहिलेल्या या कामातून भारताचा संघ २००७ पासून तेथे जाऊ लागला. खेळ येत होताच, अडचण पासपोर्टाची. राहण्याचा पुरावा मागणाऱ्या अर्जावर, ज्याचे घरच अतिक्रमण ठरवलेले आहे त्याने काय लिहावे? बेघरांच्या स्पर्धेला जाण्यासाठी घराचा दाखला! प्रस्थापित व्यवस्थेतला याहून मोठा विनोद मला तरी माहीत नाही.

२०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराबरोबर बादलीची गोष्ट जगभर गेली. त्या गोष्टीत पाऊस आहे, बादली आहे, सर आहेत. त्या पोरांची नावे मला कोठे वाचायला मिळाली नाहीत. ती पोरे आज पस्तिशी-चाळिशीत असतील. कोणी रिक्षा चालवीत असेल, कोणी मिस्तरीच्या हाताखाली असेल, कोणी नसेलही. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्या वस्त्यांत जावे आणि पहिला प्रश्न असा विचारावा, की बादली कोणी आणली होती?