वनस्पतिज मध्याह्नभोजन : तळा परिसराच्या आधारे विवेचन

विषयप्रवेशापूर्वी संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. 'वीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. मांस, मासे, अंडी यांच्यासह दूध, दुधाचे सर्व पदार्थ आणि मध वर्ज्य करणारा आहार, असा त्याचा अर्थ होतो. त्यास 'शाकाहार' म्हणता येत नाही. आपल्या शाकाहारात दूध वर्ज्य तर नाहीच, उलट पवित्र मानलेले आहे. 'निष्प्राणिज' हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष ठरेल, परंतु कानाला तो 'निष्प्राण' असा लागतो, आणि जेवणाला असे नाव शोभत नाही. म्हणून येथे 'वनस्पतिज' ही संज्ञा योजिली आहे. मीठ आणि अळंबी काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हेत. त्यांचा अंतर्भाव तीत गृहीत धरावा.

दुसरी संज्ञा 'सुलभ'. पाकक्रियेत दोन प्रकारचे व्यय होतात : काळाचा व श्रमाचा. हे दोन सर्रास एकच समजले जातात, आणि त्यामुळे 'झटपट' म्हणजेच 'सोपे' असा गैरसमज रूढ झाला आहे. वाल भिजत असताना स्वयंपाक करणारी व्यक्ती निजलेली असते. तो काळ खर्च झाला, श्रम झाला नाही. या विवेचनात सुलभता श्रमव्ययाने मोजली आहे.

तिसरी संज्ञा 'तृप्ती'. तिचे दोन घटक आहेत. (१) शारीरिक : जेवणानंतर चार-पाच तास भूक न लागणे. (२) मानसिक : पानावरून उठताना काही राहून गेले असे न वाटणे. पहिला घटक धान्य, कडधान्य आणि स्नेह यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो व तो साधणे अवघड नाही. दुसरा सवयीवर अवलंबून असतो. ज्याचे जेवण जन्मभर ताकभातावर संपले, त्याला ताक काढून घेतल्यावर पोट भरूनही जेवण अपुरे वाटते. वनस्पतिज भोजनाचे बहुतेक प्रयोग या दुसऱ्या घटकावर फसतात.

आता स्थलाचा विचार. तळा हा रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुका. तळागडाच्या पायथ्याशी गाव, भोवती भातखाचरे आणि वरकस जमीन, पश्चिमेस राजपुरीची खाडी. खाडीलगतच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. विनयाच्या, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारसंहितेच्या, नियमाप्रमाणे तेथील भिक्षूंना मध्याह्नानंतर भोजन निषिद्ध होते. म्हणजे दुपारचे जेवण हेच त्यांचे दिवसाचे शेवटचे जेवण. तृप्ती किमान चार-पाच तास टिकावी ही वरील अपेक्षा त्या मानाने माफक आहे.

या परिसराचा नित्य आहार वनस्पतिज आहे, असे प्रतिपादन येथे नाही. खाडीकाठचा माणूस मासे खातो, आणि मासे नसले तर सुकट-बोंबील खातो. परंतु प्रत्येक घराला 'वार' असतो : सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि श्रावण तर संपूर्ण. वाराच्या दिवशीचे जेवण हे वनस्पतिज भोजनाचे निकटतम पूर्वरूप होय. त्यातून दूध वजा केले असता काय उरते, हा खरा प्रश्न.

उत्तरासाठी दुधाची जेवणातील कार्ये पृथक् केली पाहिजेत. ती चार : स्नेह (वरणभातावरील तूप), आम्लता (दही, ताक), दाटपणा (कढी, दह्यातील कोशिंबीर) आणि समापन (शेवटचा ताकभात). देशावर ही चारही कार्ये दुधाकडेच आहेत. म्हणून तेथील पानातून दूध काढले की चार ठिकाणी पोकळी निर्माण होते. कोकणात स्थिती निराळी आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, डोंगरउताराचे निकस गवत, आणि त्यावर पोसलेली लहान चणीची गुरे, जी चिखलणीच्या आणि ओढीच्या कामाची, दुधाला बेताचीच. जेथे दूध थोडे, तेथे पाकशास्त्र दुधावर उभे राहू शकत नाही. त्यामुळे स्नेह व दाटपणा यांचे काम नारळाकडे गेले, आम्लतेचे आमसूल, चिंच व कैरी यांच्याकडे, आणि समापनाचे सोलकढीकडे. दूध आले ते सणाला आणि पाहुण्याला. वनस्पतिज जेवणासाठी येथे बदली पदार्थ शोधावे लागत नाहीत. ते पूर्वीपासून जागेवर बसलेले आहेत. सोयाबीनचे दूध आणि त्याचे पनीर यांचा या विवेचनात उल्लेख नाही, तो या कारणाने.

जेवणाची रचना तीन अंगांची मानावी : आधार (भात किंवा तांदळाची अथवा नाचणीची भाकरी), भार (कडधान्य) आणि द्रव (सार, सोलकढी). लोणचे, पापड, चटणी ही उपांगे होत. भाराच्या सिद्धीस लागणाऱ्या काळानुसार भोजनाचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, शीघ्रसिद्ध. याचे आदर्श उदाहरण कुळथाचे पिठले. भाताचे पीक निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ येतो. तो भाजून, भरडून, साल पाखडून दळला की पीठ वर्षभर टिकते. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा; त्यावर पाणी व आमसूल; उकळी आली की एका हाताने पीठ भुरभुरायचे आणि दुसऱ्याने ढवळायचे. वीस मिनिटांत भातासह जेवण तयार होते. पिठल्याची एक सूक्ष्म अट आहे : पानात वाढताना ते किंचित पातळ असावे, कारण भातावर पडल्यानंतरही ते आळत राहते. डाव उभा राहील इतके दाट केलेले पिठले दुसऱ्या घासाला कोरडे पडते, आणि मग तुपाची आठवण होते. तूप हवेसे वाटणे हे पुष्कळदा पाणी कमी पडल्याचे लक्षण असते.

दुसरा वर्ग, पूर्वसिद्ध. येथे वालाचे बिरडे प्रमुख. त्याच्या अवस्था चार.

पहिली, भिजवणे : सोमवारी रात्री कडवे वाल पाण्यात घालावेत. दुसरी, मोड : मंगळवारी सकाळी ते फडक्यात घट्ट बांधून ठेवावेत, थंडीत गाठोडे उबेला ठेवावे लागते. तिसरी, सोलणे : बुधवारी सकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकावेत. साल सैल होते. दाणा अंगठा आणि तर्जनी यांत धरून मागच्या टोकाला दाबला की डाळिंबी मोडासकट पुढून निसटते आणि साल बोटांत राहते. जोर अधिक झाला तर डाळिंबी दुभंगते, कमी झाला तर साल अर्धी चिकटून राहते. पहिल्या पन्नास दाण्यांनंतर बोटांना प्रमाण समजते. चार माणसांच्या वालांना अर्धा तास पुरतो, आणि ते काम बसून, बोलत करता येते. चौथी, शिजवणे : तेलात मोहरी, हिंग, हळद, त्यावर डाळिंब्या परतून गरम पाणी, आणि झाकणावरही पाणी. डाळिंबी बोटाने दाबली असता चेपावी, पण भांड्यात अखंड दिसावी.

चौथ्या अवस्थेत क्रमाचे महत्त्व आहे. आमसूल आणि गूळ डाळिंब्या शिजल्यानंतरच घालावेत. आम्लाच्या सान्निध्यात कडधान्याच्या पेशींना सांधून ठेवणारे द्रव्य लवकर विरघळत नाही. आमसूल आधी पडले तर तासभर शिजवूनही दाणा कचकचीत राहतो. खोबरे सर्वांत शेवटी. एकूण काळ छत्तीस तासांहून अधिक, एकूण श्रम एका तासाच्या आतबाहेर. आरंभीचा काळ-श्रमभेद या उदाहरणासाठीच केला होता. बिरड्यास 'किचकट' म्हणणाऱ्याने बहुधा निजेचा वेळही हिशेबात धरलेला असतो.

तिसरा वर्ग, ऋतुसिद्ध. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुरडू, शेवळे. थंडीत वालाच्या ओल्या शेंगा. उन्हाळ्यात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ. रानभाज्या आदिवासी स्त्रिया बाजारात वाटे लावून विकतात, आणि निवडून-सवरून शिजवेपर्यंत त्या सुलभतेच्या कसोटीस क्वचितच उतरतात. भारंगी कडू असते, तिचे पाणी काढावे लागते; शेवळे खाजरे, त्यास काकडाच्या आंबट फळांची जोड लागते. या वर्गातील केळफूल मात्र सविस्तर पाहिले पाहिजे, कारण दूध कोठे लपून असते ते त्यातून उघड होते.

केळफुलाची जांभळी पाने एकेक उलगडली की आत फुलांची फणी निघते. प्रत्येक फुलातून एक ताठ, टोकाला बोंड असलेली काडी आणि एक पारदर्शक पापुद्रा काढून टाकावा लागतो. दोन्ही शिजत नाहीत. हाताला तेल लावले नाही तर बोटे दोन दिवस काळी राहतात. चिरलेले फूल रात्रभर ताक घातलेल्या पाण्यात ठेवण्याची चाल आहे. तयार भाजीत ताकाचा थेंबही नसतो, तरीही व्याख्येनुसार ती वनस्पतिज ठरत नाही. ताक येथे दोन कामे करते : त्यातील आम्लामुळे फूल काळे पडत नाही, आणि त्यातील प्रथिन तुरट द्रव्याला बांधून ठेवते. पहिले काम आमसुलाचे पाणी किंवा लिंबू तितक्याच चांगल्या रीतीने करते. दुसरे तितके होत नाही. त्यासाठी मिठाच्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, पाणी एकदा बदलावे. किंचित तुरटी राहते. ओले खोबरे आणि काळे वाटाणे ती झाकतात, आणि राहिलेली तुरटी हा दोष न मानता केळफुलाचा स्वभाव मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यावरून दोषस्थानांचा विचार प्राप्त होतो. ती तीन. एक, प्रक्रियेतील दूध, जसे वरील ताक, किंवा अळूच्या फदफद्यात घातलेले ताक. तेथे चिंच पुरते आणि अळूची खाजही तीच मारते. दोन, चवीपुरता पडलेला जवळा : वांग्याच्या वा पालेभाजीच्या रश्शात तो मूठभर पडतो आणि घरची माणसे त्या पदार्थाला भाजीच म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने जवळा ही मासळी नव्हेच. बाहेर जेवताना 'मासे नकोत' एवढे सांगून भागत नाही. जवळ्याचे नाव घेऊन विचारावे. तीन, पाकिटातील पदार्थ : हिरवा ठिपका दुधाला वगळत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये वीगन खाद्यपदार्थांचे स्वतंत्र नियम केले असून त्यांचे चिन्हही निराळे आहे.

द्रवाच्या अंगाविषयी. आमसुले कोमट पाण्यात भिजत घालावीत. खवलेला नारळ, लसणाची एक पाकळी आणि हिरवी मिरची वाटून, पिळून, दाट आणि पातळ असे दोन वेळा दूध काढावे, आणि आमसुलाचे पाणी त्यात मिसळावे. सोलकढी तापवू नये, ती फुटते. गरम द्रव हवा असेल तर नारळाचे दूध न घालता कोकमाचे सार करावे. सोलकढी जेवणाच्या आरंभी पेल्यात देण्याची खाणावळींची पद्धत तृप्तीच्या दृष्टीने चुकीची आहे. तिचे स्थान अखेरीस, मूठभर भातावर, ताकाच्या जागी आहे. मानसिक घटकाची अट तेथे पुरी होते.

पोषणाचा हिशेब संक्षेपाने. तांदळात प्रथिन शेकडा सात-आठ, वाल-कुळथात वीस ते पंचवीस. दीडशे ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम वाल यांतून सुमारे बावीस ग्रॅम प्रथिन मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाची दैनिक गरज ५४ ग्रॅम आणि स्त्रीची सुमारे ४६ ग्रॅम. म्हणजे एका जेवणात दोन-पंचमांश किंवा अधिक भागले. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की उणीव भरून निघते. मोड आणल्याने फायटेट घटते व लोह अधिक शोषले जाते. पानातले लिंबू हेच काम पुढे नेते. दूध सोडल्याने पहिली तूट कॅल्शियमची पडते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, तिळात त्याच्या तिपटीहून अधिक. म्हणून आठवड्यातून काही दिवस आधार बदलून नाचणीची भाकरी घ्यावी आणि चटणी तिळाची करावी. ब-१२ जीवनसत्त्व मात्र यांपैकी कशातूनही मिळत नाही. त्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने गोळी घ्यावी लागते. या एका ठिकाणी कोकणचे पाकशास्त्र अपुरे पडते, आणि ते मान्य केले पाहिजे.

डब्याचा प्रश्न उरतो. माणगावला किंवा रोह्याला नोकरीसाठी जाणाऱ्याचे मध्याह्नभोजन सकाळी सात वाजता बांधले जाते व एक वाजता उघडते. नारळाचे दूध सहा तासांच्या उन्हाळी उष्म्यात आंबते. म्हणून सोलकढी डब्यातून बाद. बिरडे चालते, परंतु ओले खोबरे न घालता. तांदळाची भाकरी तोवर वातड होते, त्यापेक्षा घावन मऊ राहतात. मात्र ते पूर्ण निवल्यावरच डब्यात घालावेत, वाफ कोंडली की एकमेकांना चिकटतात. कुळथाचे पिठले डब्यासाठी मुद्दाम घट्ट करावे, आणि सोबत लहान बाटलीत आमसुलाचे पाणी, मीठ व चिमूटभर जिरेपूड घालून, वेगळे द्यावे.